“माझ्या फोनवर तर चालतंय!”

आज माझ्याच एका फजितीपासून सुरुवात करतो.

आम्ही एका दवाखान्यासाठी अपॉइंटमेंट घ्यायची वेबसाइट बनवली होती. लॅपटॉपवर क्रोममध्ये मस्त, माझ्या अँड्रॉइडवर मस्त. लाइव्ह गेली आणि दुसऱ्याच दिवशी रिसेप्शनवरून फोन आला, “अहो, एक आजी म्हणतायत वेळच दिसत नाही. ‘इनव्हॅलिड डेट’ असं काहीतरी येतंय.” आजींकडे होता जुना आयफोन. आमच्या टीममध्ये आयफोन एकाकडेही नाही!

आता तुम्ही म्हणाल, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये आयफोन निवडता येतो की. येतो, पण त्यात फक्त स्क्रीनचा आकार, टच आणि ब्राउझरची ओळख बदलते. पान दाखवणारं इंजिन क्रोमचंच, म्हणजे ब्लिंक. आयफोनच्या सफारीत वेबकिट असतं. आपल्याकडे आयफोनवरचं क्रोमसुद्धा आतून वेबकिटच आहे. म्हणजे आम्ही आयफोन तपासलाच नव्हता.

इथे क्लाउड टेस्टिंग कामाला येतं. डेटा सेंटरमध्ये खरेखुरे फोन ठेवलेले असतात. आपण ब्राउझरमधून हवा तो फोन उघडायचा, त्यावर टॅप करायचं, स्क्रोल करायचं. यातली एक मोठी कंपनी, ब्राउझरस्टॅक, २०११ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली.

आम्ही अशाच एका सेवेची ट्रायल घेतली, आजींच्या फोनचं मॉडेल निवडलं, आणि एरर लगेच समोर! आमचा सर्व्हर तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती स्पेस पाठवत होता. क्रोम ते समजून घेतो, जुनी सफारी नाही. मग स्पेसच्या जागी ‘टी’ टाकला आणि शेवटी भारतीय वेळेचं ‘+०५:३०’ जोडलं. हे दुसरं विसरलो असतो तर त्या फोनवर सकाळी १० ची अपॉइंटमेंट दुपारी साडेतीनची दिसली असती. विचार करा!

तुम्ही सुरुवात करत असाल तर एवढं करा. आधी अ‍ॅनालिटिक्स बघा आणि तुमचे युजर खरंच वापरतात ते चार-पाच फोन निवडा. सगळे तपासायला जाल तर वेळ आणि पैसे दोन्ही जातील. साइट अजून लॅपटॉपवरच असेल तरी चालतं, ‘लोकल टेस्टिंग’चा टनेल वापरा. रोजच्या तपासणीला प्लेराइट फुकट आहे, त्यात वेबकिटही मिळतं. पण ते म्हणजे हुबेहूब आयफोन नव्हे, म्हणून रिलीजच्या आधी खऱ्या फोनवर एक फेरी माराच. आणि तो फोन आपल्यानंतर दुसरं कोणीतरी वापरणार असतो, तेव्हा खऱ्या पेशंटची माहिती तिथे टाकू नका. टेस्ट डेटाच वापरा.

आजींनी त्या दिवशी फोन केला म्हणून आम्हाला कळलं. बहुतेक लोक फोन करत नाहीत, साइट बंद करून निघून जातात.

चला, भेटूया पुढच्या भागात!