न मागितलेली परवानगी

नवे अ‍ॅप मोबाइलवर घेतले की ते कॅमेरा मागते, मायक्रोफोन मागते, आपला ठावठिकाणाही मागते. आपण क्वचित वाचून आणि बहुधा न वाचताच ‘होय’ म्हणतो. संमतीच्या या सवयीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु जी परवानगी मुळी मागितलीच जात नाही, तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. पुढच्या दाराला कुलूप लावून परसदार सताड उघडे टाकावे, तशातलाच हा प्रकार आहे.

मोबाइलमध्ये कॅमेऱ्याखेरीज इतरही संवेदक असतात. अ‍ॅक्सेलरोमीटर वेगातील बदल टिपतो, गायरोस्कोप फोन किती आणि किती वेगाने वळला हे सांगतो, होकायंत्र दिशा दाखवते आणि काही फोनांत हवेचा दाबही मोजला जातो. पावले मोजण्यासाठी अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून परवानगी लागते. मात्र हालचालींची ही कच्ची मापे कोणत्याही अ‍ॅपला मालकाला न विचारता वाचता येतात.

यात बिघडले काय, असा प्रश्न सहज पडेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, पडद्यावरील आकडे दाबताना फोनला जे सूक्ष्म हेलकावे बसतात, त्यांवरून ७० टक्क्यांहून अधिक आकडे ओळखता येतात. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड येथील व इस्रायली संशोधकांनी गायरोस्कोपच्या कंपनांवरून जवळच्या बोलण्याचा काही अंश, मर्यादित प्रमाणात का होईना, ओळखून दाखविला. २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी सिद्ध केले की, कारखान्यात या संवेदकांची जी जुळणी होते, तिच्यातील बारीक फरकांवरून एक फोन दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. हे प्रयोगशाळेतील निष्कर्ष आहेत, हे खरे. तथापि बँकेचा गुप्त क्रमांक ज्या पडद्यावर आपण रोज दाबतो, त्याच पडद्याची ही गोष्ट आहे.

अँड्रॉइडचे कर्ते स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवव्या आवृत्तीत पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अ‍ॅपला ही मापे सतत घेण्यास मज्जाव झाला. बाराव्या आवृत्तीत मापनाचा वेग सेकंदाला २०० वेळांपुरता आणला गेला. पण त्याहून अधिक वेग हवा असल्यास अ‍ॅपच्या कर्त्याने आपल्या घोषणापत्रात तशी नोंद केली की पुरते. मालकाला तेव्हाही विचारले जात नाही. शिवाय २०१४ चा तो प्रयोगही सेकंदाला २०० मापांवरच झाला होता! विकासकांसाठीच्या सेटिंगमध्ये सर्व संवेदक एकदम बंद करण्याची एक कळ आहे. पण तिने कॅमेरा आणि मायक्रोफोनही बंद पडतात. एकाला नकार देण्यासाठी सगळ्यांनाच नकार द्यावा लागतो.

या पार्श्वभूमीवर ग्राफीनओएस या खासगीपणाला प्राधान्य देणाऱ्या प्रणालीने काढलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. अँड्रॉइडच्या मुक्त पायावर उभ्या असलेल्या या प्रणालीत ‘सेन्सर्स’ ही स्वतंत्र परवानगी आहे. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावरील परवानग्यांत जाऊन ती एकेका अ‍ॅपपुरती काढून घेता येते. मग ते अ‍ॅप मापे मागू लागले, तर त्याच्या हाती शून्ये पडतात आणि मालकाला तशी सूचना मिळते. कोण काय मागत होते, हे त्यामुळे प्रथमच नजरेस येते. नकाशाला दिशा दाखवायची आहे, त्याला होकायंत्र द्यावे. पण हिशेबाच्या वहीला किंवा वृत्तपत्राच्या अ‍ॅपला फोन किती कलला याच्याशी काय कर्तव्य?

या प्रणालीलाही मर्यादा आहेत. जुन्या अ‍ॅपांशी जुळवून घेण्यासाठी तेथेही ही परवानगी आरंभी दिलेलीच असते. नव्या अ‍ॅपांना ती मुळातच नाकारायची असल्यास सेटिंग्जमध्ये तसे सांगून ठेवावे लागते. आणि ही प्रणाली आजवर प्रामुख्याने गुगलच्या पिक्सेल फोनांवर चालत आली आहे, जे सामान्य शिक्षकाच्या वा कारकुनाच्या खिशाला परवडणारे नाहीत. म्हणूनच हा प्रश्न चोखंदळ ग्राहकाच्या हौसेचा राहत नाही. नकाराचा अधिकार महागड्या फोनाबरोबरच मिळत असेल, तर त्याला अधिकार म्हणायचे की चैन?

‘लपवण्यासारखे काही नाही, त्याने कशाला भ्यावे?’ हा युक्तिवाद जुनाच आहे. आंतरदेशीय पत्राची घडी चिकटवणारा माणूस काही कट रचत नसतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर असे तत्त्व मान्य केले की, संमती जितक्या सुलभतेने दिली, तितक्याच सुलभतेने ती मागे घेता आली पाहिजे. परंतु जी संमती कधी घेतलीच नाही, ती मागे तरी कशी घ्यायची?

एका लहानशा प्रकल्पाला जे साधले, ते बलाढ्य कंपन्यांना अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. स्वस्तातल्या स्वस्त फोनातही ही कळ असावी आणि ती आरंभी बंद असावी, एवढीच मागणी आहे. ग्राहक संघटनांनी ती लावून धरावी आणि कायदा राबविणाऱ्यांनी तिची दखल घ्यावी. ‘होय’ म्हणण्याला अर्थ येतो तो ‘नाही’ म्हणण्याची सोय असली तरच.