खटखट नको, वेग हवा! ऑफिससाठी शांत मेकॅनिकल कीबोर्ड कसा निवडाल?

सिन्नर : एकेकाळी तालुक्याच्या ठिकाणी टाइपरायटरची खटखट म्हणजे काम जोरात सुरू असल्याची खूण असायची. टाइपरायटर गेले, पण तो आवाज मेकॅनिकल कीबोर्डच्या रूपाने परत आलाय. माळेगाव किंवा मुसळगाव औद्योगिक वसाहतीतलं एखादं छोटं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. एकाच खोलीत अकाउंट्स आणि डिस्पॅच. एक जण बिलांच्या एंट्री मारतोय, शेजारचा फोनवर गाडीचा नंबर लिहून घेतोय. खटखटीत एक आकडा चुकला, तरी गेटवर गाडी अडते. म्हणूनच कीबोर्ड घेताना शेजाऱ्याच्या कानाचाही विचार हवा.

आवाज येतो कुठून?

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला वेगळा स्विच असतो. आवाजाच्या जागा तीन: काही स्विचमध्ये मुद्दाम ठेवलेली 'क्लिक', बटण तळाला आपटण्याचा आवाज आणि परत वर येऊन आदळण्याचा आवाज.

रंगांचा अर्थ काय?

• ब्लू : स्पष्ट क्लिक. सामायिक ऑफिसात नकोच.
• ब्राऊन : बोटाला हलका टप्पा जाणवतो, क्लिक नसते. पण बटण आपटण्याचा आवाज राहतोच.
• रेड : दाब सरळ आणि हलका. इथेही आपटण्याचा आवाज येतो.
• सायलेंट रेड : स्विचच्या आतच मऊ गादी असते. त्यामुळे खाली-वर दोन्हीकडचा आवाज दबतो.

मात्र रंगांचा हा संकेत सगळ्याच कंपन्या पाळत नाहीत. खोक्यावरच्या रंगावर न जाता माहितीत 'सायलेंट स्विच' असं स्पष्ट लिहिलंय का, ते पाहा. नुसतं 'सायलेंट' लिहिलेले अनेक कीबोर्ड साधे मेम्ब्रेनचे असतात.

मराठी टाइप करता? मग हे पाहाच

इनस्क्रिप्ट पद्धतीत ख, थ, भ, ण, ळ, श ही अक्षरं शिफ्ट दाबून येतात. म्हणजे मराठीत शिफ्ट सतत वापरात. शिफ्ट, स्पेस, एंटर अशा लांब बटणांखाली आधाराची तार असते. ती सैल असली की स्विच सायलेंट असूनही बटण खुळखुळतं. या बटणांच्या दोन्ही टोकांना बोटाने टिचकी मारून पाहा.

टेबलही वाजतं

पत्र्याचं पोकळ टेबल आवाज वाढवतं. कीबोर्डखाली जाड कापडी किंवा रबरी मॅट टाका. खर्च कमी, फरक लगेच कळतो. बटणांखाली बसवायच्या रबरी रिंग मात्र फक्त तळाचा आवाज कमी करतात.

घेण्याआधी ही चाचणी करा

दुकानात एक परिच्छेद नेहमीच्या वेगाने टाइप करा. मोबाइल शेजारच्या खुर्चीइतका लांब ठेवून रेकॉर्ड करा. फोनवर पलीकडच्याला जवळपास हेच ऐकू येणार आहे. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याच्या अटी आधी वाचा. स्विच बदलता येणारा, म्हणजे 'हॉट-स्वॅप' कीबोर्ड असेल तर निवड चुकली तरी फक्त स्विच बदलून भागतं.

मग मेम्ब्रेन का नको?

दिवसाला चार मेल लिहायचे असतील, तर चांगला मेम्ब्रेन कीबोर्ड पुरेसा आहे. तो स्वस्त आणि बऱ्यापैकी शांत असतो. दिवसभर टायपिंग असेल, तरच सायलेंट मेकॅनिकलवर पैसे घाला. पैसे देण्याआधी रेकॉर्डिंग शेजारच्या सहकाऱ्याला एकदा ऐकवा. रोज आठ तास ते त्यालाच ऐकायचंय.