दारातली तार कोणाची?

सातबाऱ्यावर परक्याचे नाव चढत असल्याची नुसती कुणकुण लागली, तरी शेतकरी तलाठ्याच्या चावडीकडे धाव घेतो. जमीन ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे; तिच्यावरील हक्काचे मोल पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजलेले आहे. आजच्या नागरी घरात येणाऱ्या ब्रॉडबँडच्या तारेचीही कोठेतरी अशीच एक नोंद असते. त्या नोंदीत पत्ता असतो, ग्राहकाचे नाव असते आणि त्या दोहोंना जोडणारा तारेचा क्रमांक असतो. या नोंदीवर दुसऱ्या कोणाचा अर्ज चुकून पडला, तर काहीएक अपराध नसताना मूळ ग्राहकाची सेवा खंडित होण्याची वेळ येते; आणि हरकत घेऊन ती वेळ टाळली, तरी काही दिवसांनी तोच अर्ज पुन्हा उभा राहतो. कचेरीचे काम, मुलांचा अभ्यास आणि बँकेचे व्यवहार ज्या तारेवर चालतात, तिच्या बाबतीत हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येत नाही.

या चुकीचे मूळ यंत्रात कमी आणि पत्त्यात अधिक असते. दिल्लीतील करोल बागेचे उदाहरण घ्यावे. नवी दिल्ली उभारली जात असताना ज्या वस्त्या हलविण्यात आल्या, त्यांतील लोक येथे येऊन राहिले. 1947 नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी हा भाग भरून गेला. रैगरपुरा, बीडनपुरा, नाईवाला, देवनगर असे मोहल्ले एकमेकांना खेटून वसले. सोन्याचांदीची गलाई करणारी सांगली जिल्ह्यातील मराठी कुटुंबेही याच गल्ल्यांत स्थिरावली. एकमजली घरांवर कालांतराने तीनचार मजले चढले. खाली दुकान, मध्ये कारखाना आणि वर बिऱ्हाड अशी रचना रूढ झाली. एकेका मजल्याचेही पुढला आणि मागला असे भाग पडले. भूखंडाचा क्रमांक मात्र एकच राहिला. पश्चिम विस्तारात तर कित्येक गटांच्या आकड्याला ‘ए’ हे अक्षर जोडलेले असते. ते लिहावयाचे राहिले की पत्ता भलतीकडे जातो. पोस्टमनला माणसे ठाऊक असतात, म्हणून त्याचे अडत नाही. संगणकाला केवळ अक्षरे आणि आकडे ठाऊक असतात.

भारतात घरगुती ब्रॉडबँडची जोडणी एका कंपनीकडून दुसरीकडे परस्पर वर्ग करण्याची पद्धत नाही. बहुतेक कंपन्या आपापली तार स्वतंत्र ओढतात. भाडेकरूने कंपनी बदलली की नवी तार येते. करोल बागेच्या गल्ल्यांवर लोंबणारी केबलांची जाळी ही त्या व्यवस्थेचीच खूण होय. येथे चूक होते ती जिन्यातील किंवा खांबावरील पेटीत. नावाची चिठ्ठी नसलेली तार बंद पडलेली समजून उपटली जाते आणि तिच्या जागी नव्या ग्राहकाची तार बसविली जाते. फायबरच्या जोडणीत घरातील यंत्राचा अनुक्रमांक कंपनीकडे नोंदलेला असल्याने खाते दुसऱ्याच्या नावे होत नाही. परंतु सेवा बंद पडते ती पडतेच.

हीच चूक ब्रिटनमध्ये अधिक गुंतागुंतीचे रूप घेते, म्हणून तिचा उलगडाही तेथेच नीट होतो. त्या देशातील तारांचे सर्वांत मोठे जाळे 2006 साली स्थापन झालेल्या ओपनरीच या संस्थेच्या हाती आहे, आणि त्याच तारांवरून अनेक कंपन्या ग्राहकांना सेवा विकतात. घरात नवा भाडेकरू आला की तो ज्या कंपनीकडे अर्ज करतो, ती कंपनी त्या पत्त्यावर चालू तार आहे काय हे पाहते. असल्यास ती आपल्याकडे घेण्याची मागणी नोंदविते. मागील रहिवासी खरोखरच गेला असेल, तर ही सोय उत्तम. नवी तार ओढण्याचा खर्च वाचतो. परंतु नवा भाडेकरू वरच्या मजल्यावर असला आणि त्याचे घर यादीत स्वतंत्रपणे नोंदलेलेच नसले, तर यादीत दिसणारा जवळचा पत्ता निवडला जातो आणि खालच्या मजल्यावरील गृहस्थाची तार मागितली जाते. त्या गृहस्थास आपल्याच कंपनीकडून पत्र येते, की आपण आम्हांस सोडून जात आहात याचा खेद वाटतो! ठरलेल्या मुदतीत त्याने हरकत घेतली तर मागणी रद्द होते. तो परगावी असला, वा ते पत्र त्याने जाहिरात समजून बाजूस ठेवले, तर त्याची तार दुसऱ्याची होते.

ही रीत महाराष्ट्रातील वाचकांस अपरिचित वाटू नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 अन्वये फेरफाराची नोंद झाली की तलाठी तिची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधितांना लेखी कळवितो. हरकत आली तर ती तक्रारीच्या नोंदवहीत चढते आणि अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो. कळविणे आणि हरकतीस अवसर देणे, येथवर दोन्ही व्यवस्था सारख्या आहेत. भेद आहे तो पुढे. फेरफाराच्या प्रकरणात हरकतीनंतर मूळ वादाचाच निकाल लागतो. तारेच्या प्रकरणात हरकतीने केवळ तो एक अर्ज निकालात निघतो. ज्या चुकीच्या पत्त्यावरून अर्ज निघाला, तो पत्ता यादीत तसाच राहतो. नव्या कंपनीच्या दृष्टीने तिच्या ग्राहकाचे काम अजून अपुरेच असते. ती पुन्हा तीच यादी उघडते, तोच पत्ता निवडते आणि दुसरा अर्ज धाडते. अर्ज परत परत येण्याचे रहस्य एवढेच आहे. त्यामागे बहुधा कोणाचे कपट नसते. अर्ज रद्द करणारा एक आणि यादी दुरुस्त करणारा दुसरा, आणि या दोघांची गाठ पडत नाही.

ब्रिटनमधील दूरसंचार नियामक ऑफकॉमने या प्रश्नाचा हळूहळू बंदोबस्त केला. 12 सप्टेंबर 2024 पासून तेथे कंपनी बदलण्याची नवी पद्धत अमलात आली. तीनुसार नवी कंपनी ग्राहकाचे नाव व पत्ता जुन्या कंपनीकडील खात्याशी पडताळून पाहते आणि त्यानंतरच अर्ज पुढे सरकतो. पत्ता एक असला तरी नाव जुळत नाही, म्हणून शेजाऱ्याचा अर्ज उंबरठ्यावरच अडतो. तथापि घर बदलणाऱ्यांसाठी चालू तार घेण्याची सोय ही निराळी वाट आहे, आणि तेथे पत्त्याची अचूकता हाच खरा पहारेकरी असतो.

भारतात वर्ग होतो तो मोबाइलचा क्रमांक. ही सोय 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 रोजी देशभर सुरू झाली. येथे पत्त्याला महत्त्व नाही. ज्याचा क्रमांक, त्याच्याच मोबाइलवरून 1900 या क्रमांकावर संदेश जावा लागतो. उत्तरादाखल आठ अक्षरांची संहिता येते. ती नव्या कंपनीस दिल्यावाचून काही घडत नाही. 16 डिसेंबर 2019 पासून तर संहिता देण्यापूर्वीच पात्रतेची तपासणी होते, आणि 1 जुलै 2024 पासून सिमकार्ड बदलल्यानंतरच्या सात दिवसांत संहिता मिळत नाही, कारण बनावट सिम काढून क्रमांक पळविणाऱ्यांना तेवढा अवधी पुरत असे. शेजाऱ्याच्या चुकीने या व्यवस्थेत क्रमांक जाणे जवळजवळ अशक्य आहे. तारेच्या व्यवस्थेत मौन म्हणजे संमती मानली जाते, तर क्रमांकाच्या व्यवस्थेत मौन म्हणजे नकार. मात्र न मागितलेली संहिता आली, तर ती कोणासही सांगू नये आणि आपल्या कंपनीस तत्काळ कळवावे, एवढी सावधगिरी येथेही हवीच.

ज्याच्या तारेवर असा प्रसंग वारंवार येतो, त्याने काय करावे? पहिली गोष्ट, आलेल्या प्रत्येक पत्राची तारीख व अर्जाचा क्रमांक टिपून ठेवावा आणि हरकत लेखी घ्यावी. दुसरी, हरकत घेताना केवळ ‘अर्ज रद्द करा’ असे न म्हणता ‘पत्त्याची नोंद तपासून दुरुस्त करा’ अशी स्पष्ट मागणी करावी. मजला व भाग यांसह पूर्ण पत्ता कळवावा. तिसरी, शेजारी नुकतेच राहावयास आले असतील त्यांना भेटावे. अनेकदा त्यांनाही आपली जोडणी का होत नाही याचा उलगडा झालेला नसतो, आणि दोघांनी मिळून दिलेला खुलासा दहा पत्रांहून अधिक काम करतो. करोल बागेसारख्या वस्तीत जिन्यातील पेटीत आपल्या तारेवर नाव व मजला लिहिलेली चिठ्ठी लावून घेणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. सेवा बंद पडल्यास कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रारीचा क्रमांक अवश्य घ्यावा. 2012 च्या नियमांप्रमाणे तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि त्या वेळी हा क्रमांकच उपयोगी पडतो.

चूक कोणाच्याही दप्तरी होऊ शकते. परंतु चूक दुसऱ्याने करावी आणि पहारा मात्र निरपराध ग्राहकाने प्रत्येक वेळी द्यावा, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही. एक हरकत आली की अर्ज थांबावा. आणि दुसऱ्यांदा तीच हरकत घेण्याची पाळी आली, तर दप्तरातील नोंदच तपासली जावी. चावडीवरील फेरफाराने हा धडा फार पूर्वी घालून दिला आहे. तारांच्या नव्या दप्तरांनी तो गिरविणे तेवढे उरले आहे.