अठरा लाख सुझुकी

सुझुकी म्हटले की आपल्याला आधी मारुती आठवते, मग मोटरसायकल. जपानमध्ये मात्र हे सुमारे अठरा लाख माणसांचे आडनाव आहे. संख्येत त्याच्या पुढे फक्त सातो. एवढ्या गोतावळ्यातून नामवंत निघायचेच. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा पंतप्रधान होते कान्तारो सुझुकी, आणि १९८० मध्ये त्याच पदावर आले झेन्को सुझुकी. झेन विचार इंग्रजीतून पाश्चात्त्यांपर्यंत नेणारे डी. टी. सुझुकी, सॅन फ्रान्सिस्कोत झेन केंद्र उभारणारे शुन्र्यू सुझुकी, मूल बोलायला शिकते तसेच व्हायोलिनही शिकू शकते असे मानणारे शिनिची सुझुकी, २०१० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी आकिरा सुझुकी, अशी ही यादी लांबवता येते. ती वाचताना एखादे थोर खानदान डोळ्यांसमोर उभे राहते आणि फसगत होते ती तिथेच. यांच्यात एकमेकांशी ज्ञात असे काही नाते नाही. जपानी आडनावावरून रक्ताचा माग फारसा लागत नाही. ते मुळात घराचे नाव आहे, आणि घरांची नोंद ठेवणाऱ्या सरकारने ते पक्के केले आहे.

एदो काळात आडनाव उघडपणे लावण्याचा मान मुख्यतः सामुराईंचा होता. मेइजी सरकारने १८७० मध्ये सामान्यांना तशी मुभा दिली आणि १८७५ मध्ये सक्तीच केली, कारण सैन्यभरती आणि करवसुली करायची तर माणूस कागदावर सापडायला हवा. यावरून अर्ध्या जपानने एका रात्रीत आडनावे शोधून काढली, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अतिशयोक्त आहे. बऱ्याच शेतकरी कुटुंबांत आडनाव आधीपासून होते. दप्तरात ते लावता येत नव्हते, एवढेच. सुझुकी तर त्याहून पुष्कळ जुने. त्याचे मूळ वाकायामाकडच्या कुमानो तीर्थक्षेत्राशी आणि फुजिशिरोच्या देवस्थानाशी जोडले जाते. मग हे एकच कूळ नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. पण कुमानोचा पंथ पुजारी आणि प्रचारकांबरोबर पूर्वेकडे गेला आणि त्यांच्यामागे हे नावही गेले. शिझुओका, आइची आणि तोक्योच्या भोवताली आजही त्याची दाटी आहे. कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये मागांचा कारखाना काढला तो शिझुओकातल्या हामामात्सुमध्ये, आणि शिनिचींच्या वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता आइचीतल्या नागोयात. या नावावरून एखाद्या घराण्याचा मुलूख कदाचित ताडता येईल, त्याचा पूर्वज नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे भारताला सर्वाधिक परिचित असलेले सुझुकी. ओसामू यांचा जन्म १९३० चा, मात्सुदा घराण्यातला. ते बँकेत नोकरीला होते. १९५८ मध्ये मिचिओंच्या नातीशी लग्न झाले, तेव्हा त्यांनी सासरचे आडनाव घेतले आणि ते कंपनीत आले. आपल्याकडचा घरजावई सासरी राहिला तरी आडनाव सोडत नाही. जपानी व्यापारी घराण्यांत कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन नाव आणि कारभार दोन्ही त्याच्या हाती देण्याची रीत जुनी आहे, आणि या कंपनीत ओसामूंच्या आधीही ती पाळली गेली होती. १९७८ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि १९८२ मध्ये मारुतीशी करार झाला. रक्त मुलीकडून पुढे चाललेच की, असे म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण कंपनी वाढवली ती मात्सुदांच्या मुलाने. पोटच्या मुलाच्या वकुबावर सगळे सोपवण्यापेक्षा ही रीत मला तरी अधिक व्यवहारी वाटते.

आडनाव इतके पसरले की ओळख म्हणून त्याचा उपयोग उरत नाही. बेसबॉलपटू इचिरो सुझुकी १९९४ मध्ये ओरिक्स संघात होता, तेव्हा प्रशिक्षकाने त्याची नोंदच नुसत्या ‘इचिरो’ नावाने करवली. त्या हंगामात त्याने २१० हिट मारून जपानमध्ये विक्रम केला, आणि पुढे सिअ‍ॅटलला गेल्यावरही त्याच्या पाठीवर ‘इचिरो’च राहिले. सामान्य माणसाला ही सवलत नाही, विवाहित बाईला तर नाहीच. नागरी कायद्याच्या ७५० व्या कलमानुसार पती-पत्नीला एकच आडनाव ठेवावे लागते. कोणाचे, हे कायदा सांगत नाही, तरी सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बायकोच आपले सोडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हे कलम वैध ठरवले. तोहोकू विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाने २०२४ मध्ये हिशेब मांडला, की कायदा असाच राहिला तर २५३१ पर्यंत सगळे जपानी सातो होतील. पाचशे वर्षांचे हे गणित भाकीत म्हणून घेण्यासारखे नाही, पण दिशा त्याने बरोबर दाखवली. दोन आडनावांतले एक प्रत्येक लग्नात गळते, आणि दुर्मीळ नावे त्यात आधी संपतात. एकच नाव असल्याने कुटुंब एकसंध राहते, असे कायद्याचे समर्थक म्हणतात. २०२४ मध्येच बड्या उद्योगांच्या केइदानरेन या संघटनेने मात्र वेगळे आडनाव ठेवण्याची मुभा मागितली. तिची तक्रार रोकडी आहे: अधिकारी स्त्रिया कामावर माहेरचे नाव लावतात, पासपोर्टवर दुसरे असते, आणि परदेशात त्यावरून अडवणूक होते.