हाताला बसेल तेच लोखंड

कारंजा (घाडगे)च्या बाजारात विळा घ्यायला आलेली बाई आधी भाव विचारत नाही. ढिगातला एक विळा उचलते, मूठ आवळून बघते, मनगट दोनदा फिरवते आणि मान हलवून तो खाली ठेवते. मग दुसरा उचलते. चौथ्या-पाचव्या विळ्याला तिचे समाधान होते आणि त्यानंतर घासाघीस सुरू होते. कुऱ्हाड घेणारा तर नुसते पातेच घेऊन जातो. दांडा तो आपल्या उंचीला आणि हाताला बसेल असा घरी बसवतो. दिवसभर हातात राहायचे हत्यार शेजाऱ्याला बसले म्हणून आपल्याला बसेलच असे नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

गोल्फच्या दुकानात पाऊल टाकताच मात्र हे शहाणपण चपलांबरोबर बाहेर राहते. तिथे माणूस पाहतो ते नाव, चकाकी आणि टीव्हीवरचा विजेता. हात कोणाचा, याचा विचार घरी आल्यावर होतो.

संत्र्याच्या बागांच्या आणि कपाशीच्या या मुलखात गोल्फ कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण नागपूर-अमरावती महामार्गावरच्या या गावांतली मुले आता पुण्या-बंगळुरात आणि अमेरिकेत नोकऱ्या करतात. कंपनीतले वरिष्ठ रविवारी गोल्फला नेतात, महिन्याभरात गोडी लागते आणि एके दिवशी फोनवर बातमी येते, ‘बाबा, संच घ्यायचा म्हणतोय.’ किंमत ऐकून बाबा खुर्चीत बसतात. नामांकित कंपनीचा नुसता आयर्नचा संच पाऊण-एक लाखाच्या घरात सहज जातो. इतक्या पैशांत काय घ्यावे हे बाबांना ठाऊक नसते, आणि खरे तर चिरंजीवांनाही नसते.

आधी ‘आयर्न’ म्हणजे काय ते पाहू. गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. हा नियम अमेरिकेत 1938 साली आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी आला. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब नेत, आणि पिशवी वाहणाऱ्या पोऱ्याची कंबर मोडे. या चौदांपैकी लांब फटक्याचे गुबगुबीत डोक्याचे दोन-चार, भोकाजवळ चेंडू ढकलण्याचा पटर एक, आणि मधले बहुतेक सगळे आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचे. पूर्वी त्यांना मॅशी, निब्लिक अशी मजेदार नावे होती. पुढे नंबर आले. नंबर जितका मोठा तितकी काठी आखूड आणि पाते अधिक मागे कललेले. या कलण्याला ‘लॉफ्ट’ म्हणतात. लॉफ्ट जास्त तर चेंडू उंच चढतो आणि जवळ पडतो. कमी तर खालून लांब जातो. खेळाडूने फटका एकाच पद्धतीने मारायचा. अंतर ठरवायचे ते काठीने. म्हणून तर इतक्या काठ्या.

आता पहिला सापळा. पन्नास वर्षांपूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट छत्तीस-अडतीस अंशांच्या आसपास असे. आज नवशिक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या सात नंबरचा तीसच्या खालीही असतो. म्हणजे पूर्वीच्या पाच नंबरवर आता सात आकडा ठोकला आहे! दुकानात गिऱ्हाईक दोन फटके मारते, जुन्या सात नंबरपेक्षा वीस यार्ड जास्त अंतर पाहून हरखते आणि पैसे मोजते. याला निव्वळ फसवणूक म्हणणेही बरोबर नाही. नव्या पात्यांत वजन तळाशी असल्याने चेंडू कमी लॉफ्टवरही उंच उठतो, म्हणून कंपन्यांना तसे करता येते. पण आकड्यावर भुलू नये. लॉफ्ट किती अंश, हे दुकानदाराला सरळ विचारावे. त्याला सांगता आले नाही तर तोही एक निकाल समजावा.

पात्यांच्या मुख्य जाती दोन. एक ‘ब्लेड’: पातळ, घडीव, पाठ सपाट. दिसायला इतके देखणे की कपाटात मांडून ठेवावे. चेंडू बरोबर मधोमध लागला तर लोण्यासारखा जातो. अर्धा इंच चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात आणि चेंडू भलतीकडे जातो. दुसरी जात पाठीत खळगा असलेली, ‘कॅव्हिटी बॅक’. तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

कार्स्टन सोल्हाइम हा नॉर्वेत 1911 साली जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला चांभाराचा मुलगा. पुढे तो इंजिनीअर होऊन जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला. सहकाऱ्यांच्या आग्रहाने त्याने बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा गोल्फ खेळून पाहिले आणि पटर हातात धरताच त्याच्या लक्षात आले की अडचण हाताची कमी, हत्याराची जास्त आहे. चेंडू मधोमध लागला नाही की पाते हातात पिळते. मग वजन मधून काढून कडांना का नेऊ नये? डोंबाऱ्याची मुलगी दोरीवरून चालताना लांब आडवी काठी धरते ती याच कारणाने. वजन दोन्ही टोकांना पसरलेले असले की ती वस्तू सहज पिळत नाही. सोल्हाइमने 1959 मध्ये घरच्या गॅरेजात पटर बनवला. तो चेंडूला लागला की ‘पिंग’ असा आवाज येई, तेच कंपनीचे नाव झाले. साठच्या दशकात हीच युक्ती त्याने आयर्नना लावली. जुन्या खेळाडूंना ही पाते कुरूप वाटली, पण चुका पोटात घालणारे हत्यार लोकांना आवडणारच. आज जगातले बहुसंख्य हौशी खेळाडू खळग्याच्याच आयर्नने खेळतात, आणि नव्या माणसाने तेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ब्लेडने शिकलो की हात घडतो’ असे सांगणारे क्लबात भेटतील. त्यांचा हात किती घडला आहे हे आधी पाहावे.

आता कुऱ्हाडीच्या दांड्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. काठीची लांबी उंचीवर ठरते असे वाटते, पण नुसत्या उंचीवर नाही. सहा फुटी माणसाचे हात लांब असले तर त्याला नेहमीची काठी पुरते. म्हणून जाणता कारागीर ताठ उभे करून मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतो. लांबीबरोबर येतो तो काठी आणि पाते यांमधला कोन. त्याला ‘लाय’ म्हणतात. फटक्याच्या वेळी पात्याचा तळ जमिनीला सपाट लागला पाहिजे. पुढचे टोक उचललेले राहिले तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. मागची टाच उचलली तर उजवीकडे. माणूस वर्षभर आपला फटका सुधारत बसतो आणि दोष असतो दोन अंशांचा! तपासायची युक्ती सोपी आहे. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढावी, रेघ पात्याकडे करून फटका मारावा. रेघेचा ठसा पात्यावर उमटतो. तो उभा असेल तर कोन बरोबर, तिरका असेल तर लोहारकाम हवे. हो, लोहारकामच. शिकंज्यात धरून पाते एक-दोन अंश वाकवून देतात. मऊ पोलादाची घडीव पाती सहज वाकतात, ओतीव कडक पोलादाची कुरकुर करतात. सोल्हाइमच्या कंपनीने तर निरनिराळ्या कोनांच्या आयर्नवर निरनिराळ्या रंगांचे ठिपके द्यायला सुरुवात केली. चपलेला नंबर असतो तसे.

काठीचा ताठपणा हा तिसरा मुद्दा. ब्रिटनने 1929 साली पोलादी काठीला मान्यता देईपर्यंत तिथे हिकरी लाकडाच्या काठ्या चालत आणि प्रत्येक काठी वेगळी वाके. बॉबी जोन्स या थोर खेळाडूने आपला संच एकेक काठी हाताने पारखून जमवला होता. पुढे तो यंत्रावर मोजला तेव्हा एक क्लब सोडून सगळे एकमेकांशी जुळले, आणि त्या एकाच क्लबाविषयी त्याची नेहमी तक्रार असे, असा किस्सा सांगितला जातो. आज काठ्या पोलादाच्या किंवा ग्रॅफाइटच्या असतात. पोलादी काठी शंभर-सव्वाशे ग्रॅमची, ग्रॅफाइट तिच्या निम्म्या-पाऊण वजनाची. ताठपणाची पायरी अक्षरांनी दाखवतात: आर म्हणजे सर्वसाधारण, एस म्हणजे ताठ. तरुण पुरुषांना एस घ्यायची भारी हौस. वेग नसलेल्या हातात ताठ काठी दिली की चेंडू उठत नाही, मग जोर लावला जातो आणि संध्याकाळी कोपर बोलू लागते. पन्नाशी उलटलेल्यांनी, कोपर-खांदा दुखणाऱ्यांनी ग्रॅफाइट घ्यायला लाजू नये.

लाजेचा विषय निघालाच आहे तर लांब आयर्नविषयीही सांगतो. दोन, तीन, चार नंबरचे आयर्न मारायला महाकठीण. ली ट्रेव्हिनो या अमेरिकन खेळाडूवर 1975 साली स्पर्धेत वीज पडली होती. पुढे वादळात एक नंबरचा आयर्न आकाशाकडे धरा, तो देवालाही मारता येत नाही, असा विनोद त्याच्या नावावर रूढ झाला. या लांब आयर्नच्या जागी आता ‘हायब्रिड’ नावाचे ठेंगणे, फुगीर डोक्याचे क्लब मिळतात. ते बायकांचे, म्हाताऱ्यांचे, असे म्हणून कित्येक पुरुष टाळतात. त्यांनी 7 ऑगस्ट 2021 आठवावा. त्या दिवशी टोकियोत नीरज चोप्राने सुवर्ण जिंकले हे सर्वांना आठवते. पण सकाळी, गोल्फ कशाशी खातात हे ठाऊक नसलेली घरेही अदिती अशोकसाठी टीव्हीपुढे बसली होती. साठ जणींच्या त्या स्पर्धेत तिचे फटके सर्वांत कमी लांबीच्या फटक्यांमध्ये मोडत. इतर जणी आयर्न काढत तिथे तिला बरेचदा हायब्रिड किंवा त्याहून लांबचा क्लब काढावा लागे. आई तिची पिशवी वाहत होती. पदक एका फटक्याने हुकले, ती चौथी आली. आपल्या अंगात आहे तेवढ्या ताकदीला जुळणारी काठी काढायची, हे तिने चार दिवस न लाजता केले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मुंबईतले चेंबूर. तिथल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात साहेबांच्या पिशव्या वाहणारे कॅडी शेजारच्या वस्तीत राहतात. आतल्या हिरवळीवर मनासारखे खेळायला मिळत नाही, म्हणून त्यांच्यातल्या पोरांनी गल्लीतच गोल्फ सुरू केला. बांधकामाची लोखंडी सळई घ्यायची, टोक वाकवून, ठोकून पाते करायचे, वर रबर गुंडाळायचे, चेंडू प्लास्टिकचा. परदेशी वार्ताहर येऊन याची छायाचित्रे काढून गेले. मला त्या कौतुकात थोडे अवघडल्यासारखे होते. सळईने खेळणाऱ्या पोराची जिद्द मोठी, यात शंका नाही. पण ज्याच्या हाताला खरा सराव आहे त्याच्या हातात सळई, आणि ज्याला चेंडू उठवता येत नाही त्याच्या पिशवीत लाखाचे पोलाद, हे चित्र काही फार कौतुकाचे नाही. कोलकात्याच्या रॉयल क्लबात हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा शिव शंकर प्रसाद चौरसिया याने 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. दिल्लीचा अली शेर कॅडीचे काम करता करता खेळाडू झाला आणि 1991 मध्ये तीच स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. असे आणखी किती जण नुसत्या काठीअभावी राहून गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

म्हणून जुना संच अडगळीत ठेवू नये, आणि घेणाऱ्यानेही जुन्याला नाक मुरडू नये. पात्याला काही होत नाही, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा खळग्याचा आयर्न आजही नव्याइतकाच क्षमाशील असतो. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पात्यावरच्या खाचा बोटाला लागतात की झिजल्या आहेत. काठी सरळ आहे का, आणि पात्याच्या सांध्यापाशी गंज नाही ना. मूठ टणक झाली असेल तर बदलायचा खर्च थोडा असतो. आणि अक्षरे-चिन्हे नीट आहेत का, कारण नामांकित कंपन्यांचे नकली संचही बाजारात फिरतात. फारच स्वस्त मिळत असेल तर ते घेऊ नये. सुरुवातीला सगळा संचही नको. सहा, आठ, एक वेज, एक हायब्रिड आणि पटर एवढ्यात वर्ष निघते. उरलेल्या पैशांत चांगल्या शिक्षकाचे दहा तास घ्यावेत.

घरातल्या घरात संच फिरवण्याची आपली सवय इथे जपून वापरावी. नवऱ्याचा जुना जड पोलादी संच बायकोला देणे म्हणजे तिने महिन्याभरात खेळ सोडावा याची तजवीज. मुलांसाठी तर मोठ्यांची काठी कापून आखूड करतात. कापलेली काठी आखूड होते तशी अधिक ताठही होते, पाते तेवढेच जड राहते, आणि दहा वर्षांचे पोर ते अंगाच्या झोक्याने ओढू लागते. ती सवय पुढे मोडत नाही. मुलांचे हलके संच वेगळे मिळतात. ते दोन-तीन वर्षांत आखूड पडतात खरे, पण तोवर दुसऱ्या घरातले धाकटे भावंड त्या उंचीला आलेले असते.