संगणकीय आलेखांतील सांधे व बहुभुजांचें एकीकरण

अलीकडे इतिहासविषयक लेखांबरोबर जे नकाशे व आलेख छापले जातात, त्यांतील पुष्कळसे हातानें काढलेले नसून मॅथेमॅटिका, मॅटलॅब अशा गणिती संगणक-प्रणालींच्या साहाय्यानें तयार केलेले असतात. गडाच्या परिसरांतील उंचसखलपणा रंगांच्या पट्ट्यांनीं दाखविणें, अथवा एखाद्या प्रकारचीं नाणीं कोणत्या मुलखांत दाट सांपडतात व कोणत्या विरळ हें छायाभेदानें दाखविणें, अशा कामीं या प्रणालींचा उपयोग मोठा आहे. परंतु असा आलेख पीडीएफ स्वरूपांत पडद्यावर पाहिला, व कधीं कधीं छापून आला तरी, एकरंगी भागांत केसाहून बारीक अशा पांढुरक्या रेषांचें जाळें दिसूं लागतें. त्या रेषा कोणीं काढलेल्या नसतात. त्या मोजणींत नाहींत, मूळ आंकड्यांत नाहींत आणि लेखकाच्या मनांतहि नाहींत.

जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध आहे, त्यांस या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पोथीच्या पानावरील रेघ लेखकानें ओढलेली आहे, कीं ती कागदाची घडी आहे, कीं कसरीनें खाल्लेली वाट आहे, हें ठरविल्यावांचून आपण तिचा अर्थ लावीत नाहीं. नकाशावरील रेघ तर बहुधा सीमा म्हणूनच वाचली जाते. कालांतरानें मूळ आंकडे नष्ट होऊन केवळ छापील पान उरलें, तर पुढील अभ्यासकास यंत्राची रेघ व मनुष्याची रेघ यांतील भेद कळावयाचा कसा? म्हणून या रेषा कोठून येतात, त्या कोणत्या रीतीनें काढून टाकाव्या, आणि कोणत्या रेषांस हात लावूं नये, या तीन गोष्टींचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम उत्पत्ति पाहूं. ‘६०० मीटरांहून उंच असलेला सर्व प्रदेश तांबडा करावा’ असें संगणकास सांगितलें, तर तो प्रदेश त्यास एकदम ठाऊक नसतो. तो आधीं क्षेत्रावर बिंदूंची जाळी पसरतो, प्रत्येक बिंदूची उंची काढतो, व जाळीचे लहान लहान त्रिकोण पाडतो. ज्या त्रिकोणांतून ६०० मीटरांची रेषा जाते, त्यांचे तुकडे होतात. मग जे त्रिकोण व तुकडे मर्यादेच्या आंत पडतात, ते एकेक करून तांबडे भरले जातात. अर्थात् आपणांस जो एक सलग प्रदेश दिसतो, तो वस्तुतः शेंकडों किंवा हजारों लहान बहुभुजांचा बांधलेला असतो. शुल्बसूत्रांतील श्येनचिति ज्यांच्या परिचयाची आहे त्यांस ही कल्पना नवी नाहीं. एका थरांत २०० याप्रमाणें पांच थरांत १००० इष्टका रचून पंख पसरलेल्या श्येनाचा आकार सिद्ध होतो. पाहणारास श्येन दिसतो. रचणारास इष्टका व त्यांचे सांधे दिसतात. आलेखांतील पांढुरक्या रेषा म्हणजे हे सांधेच होत.

पण दोन त्रिकोणांची भुजा एकच असतां मध्यें फट यावी कां? याचें उत्तर रंग भरण्याच्या रीतींत आहे. पडद्यावरील चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचें बनलेलें असतें. यांस पिक्सेल म्हणतात. कडा दांतेरी दिसूं नयेत म्हणून यंत्र अशी युक्ति करतें कीं, आकृतीनें पिक्सेलचा जेवढा अंश व्यापला असेल तेवढ्याच प्रमाणांत रंग मिसळावयाचा. आतां समजा, दोन तांबड्या त्रिकोणांची सामाईक भुजा एका पिक्सेलच्या बरोबर मधून जाते. पहिला त्रिकोण भरतांना पिक्सेलचा १/२ भाग व्यापला गेला. म्हणून पांढरा रंग १/२ उरला. दुसरा त्रिकोण भरतांना पुनः १/२ भाग व्यापला गेला. म्हणून यंत्र उरलेल्या पांढऱ्याचा अर्धाच भाग झांकतें. पहिल्यानें कोणता अर्धा भाग घेतला होता याची आठवण यंत्र ठेवीत नाहीं; केवळ प्रमाण ठेवतें. परिणामीं १/२ × १/२ म्हणजे १/४ पांढरा रंग शिल्लक राहतो, आणि सर्व पिक्सेल तांबडा व्हावयाचा तो तीन-चतुर्थांशच होतो. भुजा मधून न जातां १/४ व ३/४ असे भाग पाडीत असेल, तर ३/१६ पांढरा उरेल. हाच शेष भुजेच्या लांबीभर पसरला म्हणजे पांढुरकी रेघ होते. आंकडे निर्दोष, त्रिकोण निर्दोष, आणि तरीहि चित्र सदोष, असा हा प्रकार आहे.

यावर तीन सोपे तोडगे प्रचारांत आहेत. परंतु तिन्ही अपुरे आहेत. प्रत्येक तुकड्याभोंवतीं त्याच रंगाची बारीक रेघ ओढावी, तर सांधे बुजतात, पण बाहेरची कडाहि तेवढीच फुगते. कडा मऊ करण्याची युक्ति बंद करावी, तर रेघा जातात, पण कडा दांतेरी होतात. सर्व चित्र ठिपक्यांच्या स्वरूपांत साठवावें, तर पुढें तें मोठें करतांना अस्पष्ट होतें. खरा उपाय एकच : सांधेच नाहींसे करून सर्व तुकड्यांचा एक बहुभुज करणें.

ही क्रिया दिसते तितकी अवघड नाहीं. दोन लगतचीं शेतें एका धन्याकडे आलीं असतां मधला बांध मोडतो व भोंवतालचे बांध राहतात, हेंच तिचें तत्त्व. वाचकांनीं कागदावर एक चौकोन काढून त्याच्या कोनांस वरच्या डाव्या कोपऱ्यापासून प्रदक्षिणेच्या क्रमानें अ, ब, क, ड अशीं नांवें द्यावीं, व अक हा कर्ण काढावा. अबक व अकड असे दोन त्रिकोण झाले. पहिल्या त्रिकोणाभोंवतीं प्रदक्षिणा करतांना अब, बक, कअ या भुजा चालाव्या लागतात. दुसऱ्याभोंवतीं अक, कड, डअ. या सहांपैकीं कअ व अक ही एकच रेघ दोन उलट दिशांनीं चाललेली आहे. उलट दिशांच्या अशा जोड्या खोडाव्या. उरल्या अब, बक, कड, डअ. म्हणजेच मूळ चौकोन. नियम एवढाच कीं, सर्व तुकड्यांची प्रदक्षिणा एकाच दिशेनें लिहावी. मग आंतील प्रत्येक भुजा दोनदां व परस्परविरुद्ध येते, आणि बाहेरील भुजा एकदांच येते. जी एकदांच आली ती सीमा; जी दोनदां आली तो सांधा.

मोठ्या उदाहरणानें या नियमाची शक्ति लक्षांत येईल. एका बाजूस १०० घरें याप्रमाणें चौरस जाळी घेतली व प्रत्येक घराचे दोन त्रिकोण केले, तर २०,००० त्रिकोण व त्यांच्या एकूण ६०,००० भुजा लिहाव्या लागतात. त्यांतील आंतल्या २९,८०० रेषा दोनदां आलेल्या असतात. त्यांच्या ५९,६०० नोंदी खोडल्या म्हणजे परिघावरील ४०० उरतात. त्यांतहि सरळ रेषेंत पडलेले मधले बिंदु गाळले, तर अखेर चारच कोन राहतात. फट तर जातेच. शिवाय फाइलीचें ओझेंहि नांवापुरतें उरतें.

खोडून उरलेल्या भुजा क्रमानें लागलेल्या नसतात. त्या लावून घ्याव्या लागतात. कोणतीहि एक भुजा घ्यावी, ती ज्या बिंदूवर संपते तेथून सुरू होणारी दुसरी शोधावी, आणि आरंभबिंदु पुनः येईपर्यंत असेंच चालावें. पोथीचीं सुटीं पानें जुळवितांना एका पानाच्या अखेरच्या अक्षरांवरून दुसऱ्याचा आरंभ शोधतात, तशीच ही रीति आहे. एक वलय पुरें झाल्यावर भुजा शिल्लक राहिल्या, तर दुसरें वलय आरंभावें. असें दुसरें वलय दोन कारणांनीं निघतें. एक तर प्रदेशच तुटक असेल. अथवा प्रदेशाच्या पोटांत पोकळी असेल, जसें उंच पठारावरील खोलगट तळें. या दोहोंतील भेद दिशेवरून कळतो. प्रदक्षिणेंत देवालय उजव्या हातास असतें. त्याप्रमाणें येथें प्रदेश नेहमीं उजव्या हातास राहतो. म्हणून बाहेरील वलय प्रदक्षिणेच्या दिशेनें येतें, व पोकळीचें वलय आपोआप उलट दिशेनें येतें.

व्यवहारांत तीन अडचणी येतात. पहिली बिंदूंच्या ओळखीची. संगणकाच्या द्विमान अंकनांत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ शीं तंतोतंत जुळत नाहीं. सतराव्या दशांशस्थानीं ४ हा अंक उरतो. एकच बिंदु दोन ठिकाणीं निरनिराळ्या रीतीनें काढला गेला असेल, तर तो यंत्रास दोन बिंदु वाटतो व भुजांची जोडी जुळत नाहीं. म्हणून अत्यल्प अंतराचे बिंदु आधीं एक मानून घ्यावे. पण अंतराची मर्यादा सैल ठेवली, तर खरोखर भिन्न असलेले बिंदुहि एक होतात. पाठभेद व लेखनदोष यांत विवेक न करणाऱ्या संपादकाकडून जें होतें, तेंच येथें होईल. २००७ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून मॅथेमॅटिकांत ‘ग्राफिक्सकॉम्प्लेक्स’ ही रचना आहे. तींत सर्व बिंदु एकदांच लिहून पुढें केवळ त्यांच्या क्रमांकांचा निर्देश होतो. त्यामुळें ओळख पटविणें पुष्कळ सोपें जातें.

दुसरी अडचण अशी : एका बाजूच्या तुकड्याची भुजा अक ही अखंड असते, पण दुसऱ्या बाजूस तिच्याच मध्यावर म हा बिंदु येऊन कम व मअ असे दोन खंड पडलेले असतात. येथें जोडी जमत नाहीं. म हा बिंदु आधीं अखंड भुजेंतहि घालावा, मग खोडावें. तिसरी अडचण, दोन प्रदेश केवळ एका कोपऱ्यावर स्पर्श करीत असतील तेव्हांची. तेथें पुढें जाण्यास दोन वाटा दिसतात. प्रदेश उजव्या हातास ठेवून चालत असतां जी वाट सर्वांत अधिक उजवीकडे वळते ती धरावी, म्हणजे दोन्ही वलयें स्वतंत्र राहतात.

ज्यांस हा खटाटोप स्वतः करावयाचा नसेल, त्यांच्याकरितां तयार साधनें आहेत. मॅथेमॅटिकांत २०१४ पासून ‘रीजनयुनियन’ आहे. मॅटलॅबमध्यें २०१७ पासून ‘पॉलीशेप’ व त्याचें ‘युनियन’ आहे. हीं एकमेकांवर चढलेल्या आकृतींचेंहि एकीकरण करतात. तथापि तयार साधन काय खोडतें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें तें वापरूं नये. आणि येथेंच तिसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे कोणत्या रेषा खोडूं नयेत याचा, विचार प्राप्त होतो.

संगणकास रंग दिसतो; रेषेचा अधिकार दिसत नाहीं. दक्षिणेंतील संस्थानांचा १९४७ सालचा नकाशा घ्या. सांगली संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. मंगळवेढें व शिरहट्टी हीं एकमेकांपासून दूर असलेलीं ठिकाणें त्याच संस्थानांत होतीं. त्याच्या बहुभुजांचें एकीकरण केल्यावर एक वलय न येतां अनेक येतील, व तेंच बरोबर आहे. परंतु कोणी सोयीकरितां सर्वच संस्थानांस एक पिंवळा रंग दिला व ‘समान रंगाचे तुकडे एक करावे’ अशी आज्ञा केली, तर जेथें सांगली व मिरज यांच्या हद्दी लागून होत्या तेथील हद्द नाहींशी होईल. वाचकास तेथें एकच राज्य होतें असें वाटेल, आणि त्या वाटण्यास विरोध करणारें कांहींहि पानावर उरणार नाहीं. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, व १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर विलीन झालें. १९४९ च्या अखेरच्या प्रांतनकाशांत त्या हद्दी गाळणें यथार्थ होय. १९४७ च्या नकाशांत त्या गाळणें म्हणजे लेख खोडणें होय. म्हणून तुकडे रंगावरून नव्हे, तर नांवावरून एक करावे : प्रत्येक तुकड्यास तो कोणाचा हें आधीं लिहून ठेवावें, व एका नांवाचेच तुकडे जोडावे. श्येनचितींतहि सांधे निरर्थक नाहींत. इष्टका मंत्रपूर्वक ठेवाव्या लागतात, व लागोपाठच्या थरांत सांध्यावर सांधा येऊं नये असा कटाक्ष असतो. सांधा टाकाऊ कीं प्रमाण, हें तो कोणीं व कां घातला यावरून ठरतें.

यास्तव नियतकालिकांकडे आलेख पाठविणारांनीं तीन गोष्टी पाळाव्या. ज्या रेषा केवळ गणनेच्या जाळीमुळें आल्या तेवढ्याच खोडाव्या. एकीकरणापूर्वींची फाइल व मूळ आंकडे जतन करावे. कारण एकीकरण झालेल्या बहुभुजांतून पूर्वींचे तुकडे परत मिळत नाहींत. आणि आकृतीखालीं एक ओळ लिहावी कीं, यांत तुकड्यांचें एकीकरण केलें आहे, तें अमुक नांवानुसार व अमुक मर्यादेनें. पोथीची नक्कल करणारा प्रामाणिक लेखक आपलें नांव, तिथि व मूळ प्रतीचा निर्देश अखेरीस करतो. आलेख करणाराकडून तेवढीच अपेक्षा आहे.