वादकाविना वाजणारी पेटी

'पेटी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हार्मोनियम उभी राहते. पण वादक नसतानाही वाजणारी एक पेटी आहे. तिला म्युझिक बॉक्स म्हणतात. जिनिव्हाच्या अंत्वान फाव्र या घड्याळजीने १७९६ मध्ये घंटा व हातोडी यांवाचून वाजणारी रचना तेथील कलासंस्थेपुढे मांडली. या वाद्याचा उगम तेथे मानतात.

पेटीत काटे बसवलेले पितळी नळकांडे असते आणि शेजारी पोलादी फणी. नळकांडे फिरले की काटा फणीचा दात उचलून सोडतो, दात कंप पावतो व स्वर निघतो. लांब दाताचा स्वर खर्जातला, आखूड दाताचा टिपेचा. खर्जाच्या दाताखाली वजनासाठी शिसे लावतात आणि दात कानशीने घासून स्वर जुळवतात. लहान पेटीच्या फणीला बहुधा १८ दात असतात. चाल तेवढ्यातच बसवावी लागते.

काटे बसवणे हे गणिताचे काम आहे. समजा, नळकांड्याचा घेर ४० मिलिमीटर आहे व एक फेरा २० सेकंदांत होतो. म्हणजे सेकंदाला २ मिलिमीटर. काटा अर्धा मिलिमीटर चुकला, तर स्वर पाव सेकंद चुकेल. जाणकार कानाला एवढे पुरे!

तथापि, केवळ काटे अचूक बसल्याने लय साधत नाही. गुंडाळलेली स्प्रिंग मोकळी सोडली, तर सारी चाल क्षणात संपेल व काटे आणि दात मोडतील. येथे दातेरी चाके कामास येतात. मोठे चाक लहान चाकाला फिरवते. अशा प्रत्येक टप्प्यावर वेग वाढत जातो. शेवटचे चाक आटे पाडलेली एक बारीक दांडी गरगर फिरवते. तिच्यावर पंखा असतो. वेग वाढला की पंख्याला हवेचा अडथळाही वाढतो, आणि तो लगाम चाकांमार्फत नळकांड्यापर्यंत पोचतो. टोल्यांच्या घड्याळातही टोले घाईने पडू नयेत म्हणून असाच पंखा असतो. म्हणूनच हे वाद्य गवयाच्या घरी न जन्मता घड्याळजीच्या दुकानात जन्मले.

मग ही पेटी वाजवतो कोण? माझ्या मते, काटे बसवणारा कारागीरच. आपली लय त्याने आधीच धातूत घालून ठेवलेली असते. मात्र मैफलीतला गवई दाद मिळताच एखादी जागा पुन्हा घेतो, ते या पेटीला कधी जमायचे नाही. यंत्राला ताल शिकवता येतो. समोरचा श्रोता ओळखायला माणूसच लागतो.